नाहीसाहेब आणि फिरती कपाटं

पेटंट कचेरीतल्या त्या तपासनिसांना तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'नाहीसाहेब'. जन्मल्यावर सुईणीने पाठीवर चापट मारली तेव्हा इतर पोरांसारखं ते रडले नव्हते, त्यांनी नुसती मान हलवून नकार दिला होता, असं कचेरीत शपथेवर सांगत. शपथ घेणारा तेव्हा तिथे हजर नव्हता, पण तेवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. लग्नाआधी मुलगी पसंत आहे का विचारल्यावर ते म्हणाले होते, "हरकत नाही." त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांची बायको अजून लावते आहे.

त्यांचं कामच तसं होतं. कोणी आपला शोध नवा म्हणून पेटंट मागितलं, की त्याच्या दाव्याचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा जुन्या शोधांत सापडतो का ते धुंडाळायचं. सगळे तुकडे एकाच जुन्या शोधात सापडले, की अर्जदाराचं विमान जमिनीवर. दुधात पडलेली माशी कोणालाही दिसते. नाहीसाहेबांना ती पडायच्या आधी दिसायची.

हीच खोड घरीही आली. बायकोने कपाट खिडकीपाशी सरकवलं तर हे म्हणणार, "यात नवीन काय? आधी ते तिथेच होतं." मुलगी नवं गाणं गुणगुणली तर म्हणणार, "चाल ऐकलेली आहे." मुलीला ते खारूताई म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. आता ती मोठी झाली होती, बिनतारी संदेशाचं शिक्षण घेऊन बसली होती, आणि बसून बसून कंटाळली होती.

त्या सकाळी तिने वडिलांपुढे चहा ठेवला आणि विचारलं, "बाबा, चहा गोड झालाय का?"

"नाही."

चहात नेहमीप्रमाणे तीन चमचे साखर होती. मुंग्यांनी पाहिला असता तर त्यांना भोवळ आली असती.

साहेब पेपर उघडत होते तेव्हा तिने पुन्हा विचारलं, "गोड झालाय ना?"

"नाही म्हटलं ना!"

बुटांच्या नाड्या बांधताना तिसऱ्यांदा प्रश्न आला. तिसऱ्यांदा उत्तर नाकातून आलं, पण तेच आलं. मग ती समोर येऊन उभी राहिली. "बाबा, बेटावरच्या वायरलेस केंद्रात मला नोकरी मिळालीय. वादळात सापडलेल्या बोटींचे निरोप ऐकायचे. येते की नाही, ते आज कचेऱ्या बंद व्हायच्या आत कळवायचंय. मी जाऊ का?"

"बघू."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'चं धाकटं भावंड. चेहरा वेगळा, रक्त तेच."

"मी दुपारी कचेरीत येते," खारूताई म्हणाली. "तिथे सांगा. तुमच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय मी जाणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर राहीन. याच खोलीत, तुमच्या नजरेसमोर, केस पांढरे होईपर्यंत."

पोर घरी राहणार म्हणताच बापाला बरं वाटायला हवं होतं. नाहीसाहेबांना मात्र ते बरं वाटेना. ते दुसरी नाडी न बांधताच घराबाहेर पडले.

कचेरीत त्यांच्या टेबलावर एका बड्या कंपनीचा अर्ज होता. बिनतारी निरोप हवेतून जाताना भिंतींवर आपटतो, झाडांत अडखळतो, पाण्यावरून उसळतो आणि पोचेपर्यंत आईलाही ओळखू येणार नाही असा होतो. म्हणून खऱ्या निरोपाच्या आधी एक ठरलेली, ओळखीची खूण पाठवतात. ती किती वाकडी होऊन आली ते पाहून ऐकणारा वाटेचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाने खरा निरोप सरळ करून वाचतो. इथवर सगळं जुनंच. कंपनी म्हणत होती, आमची नवलाई पुढे आहे: वाट शांत असेल तर खूण एकदाच पाठवा, वाट घडीघडीला बदलत असेल तर पुन्हा पुन्हा पाठवा. वर वकिलाने दाव्यात चार शब्द घुसडले होते, 'कोणत्याही माध्यमातून जाणारा निरोप'. हाव सुटली, की कुंपण आपलं शेत सोडून गावभर पळतं, ते असं.

हे कुठेतरी आधी झालंय, अशी नाहीसाहेबांना सकाळपासून खात्री वाटत होती. दारामागून वास यावा आणि दार सापडू नये, तसं. पण तपासनिसाला वाटून चालत नाही, पुरावा दाखवावा लागतो.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर फाटकातून खारूताई येत होती. साहेबांनी फाइल काखेत मारली, "जुने शोध पाहून येतो," असं कोणीही न विचारता सांगितलं, आणि मागच्या जिन्याने तळघर गाठलं.

तळघरात जुन्या पेटंटांचं दप्तर होतं. लोखंडी कपाटं रुळांवर एकमेकांना चिकटून उभी असत. टोकाचं चाक फिरवलं, की हव्या त्या दोन कपाटांत माणूस शिरेल एवढी फट पडे आणि बाकीची आवळून बसत. हा कारभार कुलूपकाकांकडे होता. चाक फिरवण्याआधी ते न चुकता हाक देत, "आत कोणी आहे का?" पूर्वी म्हणे एकदा हाक द्यायची राहिली आणि एक वकील असा चपटा झाला, की त्याला पाकिटात घालून घरी पाठवावं लागलं. टपालखर्चही फारसा आला नाही.

नाहीसाहेब फटीत शिरले. बिनतारीच्या जुन्या शोधांचे खोके चाळता चाळता त्यांना जगाचा विसर पडला. पाणबुड्यांचे भोंगे झाले, खाणीतल्या घंटा झाल्या. खूण सापडे, अंदाज सापडे. पण शांत वाटेला एकदा आणि बदलत्या वाटेला अनेकदा, हा तुकडा काही सापडेना.

जेवायला निघालेल्या कुलूपकाकांनी चाकाला हात घातला आणि हाक दिली, "आत कोणी आहे का?"

साहेबांनी खोक्यातून डोकं वर न काढता, नेहमीच्या सवयीने, खणखणीत उत्तर दिलं, "नाही!"

कुलूपकाकांनी गरागरा चाक फिरवलं, खिट्टी लावली, दिवा मालवला, दाराला कुलूप घातलं आणि ते निघून गेले.

दोन्हीकडून लोखंड आलं. रुळाच्या टोकाला रबरी ठोकळा होता म्हणून साहेबांचं पाकीट व्हायचं वाचलं, एवढंच. छातीशी फाइल, पाठीशी खोके, उजवा हात डोक्यावर, डावा खाली. मान फिरवायला जावं तर नाक कपाटाला घासत होतं. ओरडायला छाती भरून श्वास घ्यावा, तर भरायला छातीला जागा नव्हती. "काका!" त्यांनी हाक मारली. ती समोरच्या पत्र्यावर आपटून त्यांच्याच तोंडात परत गेली.

खालच्या हाताने त्यांनी कसाबसा मोबाईल काढला. भोवती बिनतारी संदेशाचे हजारो शोध रचलेले, आणि मोबाईलवर सिग्नलची एक काडी उमटेल तर शपथ!

अंधारात नाकाला खाज सुटली. खाजवायला हात पोचेना. घाम कानामागून उतरला. वर माणसं चालत होती. त्यांच्या पावलांचा नुसता दबका आवाज येत होता. नाहीसाहेबांना आपल्या नेहमीच्या दिवसाची आठवण झाली. तोही असाच होता की! घरून कचेरी, कचेरीतून घर, इकडे नाही, तिकडे नाही, मध्ये हे उभे. फरक एवढाच, की तिथे दिवा लागायचा. आणि अशाच एका फटीत आपण पोरीलाही उभं करायला निघालोय, केस पांढरे होईपर्यंत. कचेऱ्या बंद व्हायची वेळ चालत येत होती आणि पोर वर बाकावर बसली असेल, या विचाराने फट आणखी अरुंद वाटू लागली.

खारूताई बाकावर बसून कंटाळली. साहेब खाली गेल्याचं शिपायाने सांगितलं तेव्हा ती जिना उतरून आली. कुलूपकाका नुकतेच जेवून दाराशी दात कोरत उभे होते.

"काका, बाबा आत आहेत का?"

"आत कोणी नाही, ताई. मी विचारूनच बंद केलंय."

"कोणाला विचारलंत?"

"साहेबांना. आत कोणी आहे का म्हटलं, साहेब म्हणाले नाही. आता एवढा मोठा माणूस सांगतो म्हटल्यावर..." काकांच्या हातातली काडी थांबली. "अरे देवा!"

"बाबा 'नाही' म्हणाले ना? मग नक्की आतच आहेत. काढा कुलूप."

दार उघडलं, दिवा लागला. काका चाकाकडे धावले, तर खारूताईने आधीच चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. "थांबा काका. आज पहिल्यांदाच यांना उत्तर टाळून पळता येणार नाही."

"पोरी, आत साहेबांचा लगदा होईल!"

"होत नाही. बाबा, मी आलेय. चहा गोड होता का?"

आतून चेपलेला आवाज आला, "नाही!"

"बघा, ठणठणीत आहेत. आणखी एकदा. गोड होता ना, बाबा?"

"नाही! चाक फिरव आधी!"

"गोड होता की..."

आणि आत कपाटांमध्ये, छातीवर फाइल दाबली गेलेल्या नाहीसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल शांत होतो, तेव्हा चहाचं एकदाच विचारलं होतं. आज बिनसलं होतं, तर तीनदा!

"खारे!" ते ओरडले. "उत्तर माहीत असूनही तू हे मुद्दाम विचारतेस?"

"मग काय? चहात साखर मीच घालते. चहा गोड असतोच. तुमचं 'नाही' कसं येतं ते मी ऐकते. कपाळातून आलं तर कचेरीचा राग, नाकातून आलं तर पाठ दुखतेय, पोटातून आलं तर तुम्हाला भीती वाटतेय. ते कळलं, की पुढच्या प्रश्नाचं उत्तर सरळ करून वाचता येतं."

"आणि हवा बदलती असली की जास्त वेळा विचारतेस?"

"अर्थात."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"म्हणजे अर्जाच्या कितीतरी आधीपासून!" साहेबांचा आवाज आनंदाने फाटला. "सगळेच्या सगळे तुकडे! खूण, अंदाज, दुरुस्ती, आणि एकदा की अनेकदा, तेही! आणि माध्यम कोणतंही! अगं, हे तू कुठे छापलंयस का? एखाद्या मासिकात? निदान भिंतीवर तरी?"

बाहेर पावलं फटीच्या दिशेने आली.

"खारे?"

"बाबा," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी फटीपाशी होता. "आजवर तुमचं प्रत्येक 'नाही' मी दुरुस्त करून वाचलं. सहलीला जाऊ का, नाही. मी वाचलं, पाण्यापासून लांब राहा. वायरलेस शिकू का, नाही. मी वाचलं, फी भरतो. आज मी दुरुस्त करणार नाही. जसं येईल तसंच घेईन. मी जाऊ का?"

नाहीसाहेबांचा आनंद फुग्यातल्या वाऱ्यासारखा सुटून गेला. या पोरीने वर्षानुवर्षं आपल्या वाकड्या उत्तरांतून आपलं मन सरळ करून घेतलं, म्हणून घर उभं होतं. आपण तोंडातून काहीही सोडावं आणि निस्तरावं तिने. आता ते निस्तरणं बंद झालं होतं.

त्यांनी तोंड उघडलं. जिभेवर 'नाही' तयारच होतं. ते नेहमी दारातच चपला घालून बसलेलं असे. त्याला मागे ढकलायला फटीत जागा नव्हती. साहेबांनी ते गिळलं. दुसरा शब्द शोधायला त्यांना खूप खोल जावं लागलं. तो इतक्या वर्षांत वापरात नव्हता. कपाटाच्या पत्र्यावर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. तो शब्द निघाला तेव्हा बिजागरी करकरावी तसा निघाला.

"हो."

कुलूपकाकांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. "ताई, मागे व्हा! आत दुसराच कोणीतरी शिरलाय! हा आवाज आमच्या साहेबांचा नव्हे!"

खारूताई हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. चाक मात्र तिने असं फिरवलं, की दूरची कपाटं एकमेकांवर धडाधडा आपटली. साहेब बाहेर आले ते धुळीने पांढरेफटक, कोटाच्या बटणांचे ठसे छातीवर, आणि फाइल अजून पोटाशी चिकटलेली.

"परत म्हणा," ती म्हणाली. "उजेडात."

"एकदा सांगितलेलं परत सांगण्यात नवीन काय?" साहेब म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी घाईघाईने भर घातली, "हो, हो. पळ. कचेऱ्या बंद होतील."

ती एकेक पायरी सोडून जिना चढून गेली. खारच ती.

त्या दुपारी साहेब टेबलाशी बसले. घरच्या चहाचा पुरावा कुठल्याही कायद्यात बसत नव्हता. छापलेलं काही नाही, आणि साक्षीदार पोटची पोर. पण 'कोणत्याही माध्यमातून' हे शब्द त्यांनी तांबड्या पेनाने खोडले. 'बिनतारी माध्यमातून' एवढंच लिहावं, असा शेरा मारला, आणि खाली टाकलं: मग हरकत नाही. कंपनीच्या वकिलाला तो शेरा मिळाला तेव्हा, कचेरीत सांगतात, त्याने खुर्चीतून उठून आधी पत्त्याची खात्री करून घेतली. साहेबांनी असं का केलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कंपनीने हवं तर हवेला कुंपण घालावं. स्वयंपाकघर त्यात यायला नको होतं.

खारूताई बेटावर गेली. घरात साखर आता कमी लागते. सकाळी कोणी काही विचारत नाही. बायको चहा ठेवते आणि साहेब तो मुकाट्याने पितात. कधी कधी खुर्चीवरून उठताना त्यांना वाटतं, दोन्हीकडून लोखंड आलंय.

मग एका सकाळी फोन वाजला. समुद्रावरून आलेला आवाज चाळणीतून गाळल्यासारखा, मागे वारा भणाणत होता.

"बाबा, चहा गोड झालाय का?"

बायकोने त्या दिवशी चहात चुकून दोनदा साखर घातली होती. जीभ टाळूला चिकटत होती. साहेबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. एवढ्या लांबच्या, एवढ्या खडबडीत वाटेवरून पोर चाचपडत येत होती, आणि तिला ठरलेली, ओळखीची खूणच मिळायला हवी होती.

"नाही," ते म्हणाले.

पलीकडे वाऱ्यातून ती खुदकन हसली. "बाबा, मी बरी आहे. तुम्हीही माझी आठवण काढताय तर."