भिंगाखालचा भाताचा दाणा

मित्रांनो, शहापूरच्या एका लहानशा दवाखान्यात, लाकडी पेटीत पडून असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पेटीत माझ्या पायाशी भाताच्या लोंबीची वाळकी काडी आहे. साफसफाई करताना कुणी ती कचरा म्हणून टाकू नये, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगतो.

मी घडलो अंबाल्याच्या कारखान्यात. लोखंडी पाय, पितळी दाते, काचेचे डोळे आणि तळाशी एक गोल आरसा. १९९१ साली मी इथे आलो. आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला की माझ्या पोटात उजेड पडे, मग वीज गेली तरी काम अडत नसे.

माझ्यावर काम करायच्या जयाताई. क्षयरोग्याच्या थुंकीची काचपट्टी त्या लाल रंगवत आणि ॲसिडने धूत. क्षयाचे जंतू लाल रंग घट्ट धरून ठेवतात, बाकी सगळ्यावरचा रंग निघून जातो आणि तिथे मागून दिलेला निळा चढतो. धुण्याची वेळ त्या घड्याळात बघत नसत. आईच्या जात्यावर ऐकलेल्या ओव्या गुणगुणत. चार ओव्या झाल्या की पट्टी पाण्याखाली. तपासणीला येणारे साहेब म्हणत, "जयाताईंची पट्टी म्हणजे धुतलेला तांदूळ." त्या दिवशी मला जरा जास्त प्रेमाने पुसलं जाई.

१९९९ च्या दिवाळीनंतर डॉक्टर संघरत्ना आल्या. मुलगी शहापूरचीच, मुंबईत शिकलेली. एचआयव्हीने ज्यांची प्रतिकारशक्ती पोखरली होती, अशा माणसांचे जुलाब महिनोन् महिने का थांबत नाहीत, याचा त्या शोध घेत होत्या. त्यांना संशय होता आदिजीवांचा. हे एका पेशीचे जीव मोठे संधिसाधू. धडधाकट माणसाला ते चार दिवस छळतात, अशक्त माणसाच्या पोटात मात्र ठाण मांडून बसतात. त्यांना पाहण्यासाठीही तोच लाल रंग लागे, पण ॲसिड अगदी पातळ; कडक ॲसिडने त्यांचाही रंग धुऊन जाई.

जयाताईंनी नवी बाटली हलवून पाहिली. "मॅडम, हे ॲसिड आहे का ताकाचं पाणी?"

"तेवढंच घ्यायचं, जयाताई," संघरत्ना हसून म्हणाल्या आणि मुंबईला गेल्या.

पण एवढ्याने पट्टी स्वच्छ होईल, हे जयाताईंच्या मनाला पटेना. लालभडक पट्टी मॅडमना दाखवायची तरी कशी? त्यांचा हात आपल्या जुन्या, कडक बाटलीकडे गेला आणि चार ओव्या पूर्ण झाल्या. मला सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, मला डोळे आहेत, तोंड नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावाहून, दोन एसट्या बदलून, बाईजा आपल्या सुनेच्या, गिरजाच्या, जुलाबाचा नमुना घेऊन येई. डबी पळसाच्या पानात गुंडाळलेली.

"कंडक्टर विचारी, आजी पिशवीत काय? म्हटलं लोणचं हाय, उघडू का? तसा गप पुढं गेला," असं सांगून बाईजा स्वतःच हसली. मग आवाज खाली आला. "पोर माझा गेल्या साली गेला गो. आता हीबी खाटेवरून उठत नाय. पानी तं मी फडक्यात दुहेरी गाळून देते. मंग कशानं व्हतंय?"

जयाताईंनी पट्टी माझ्याखाली धरली. वहीत लिहिलं, काही आढळले नाही. पुढच्या दोन खेपांनाही तेच. बेचाळीस नमुने झाले आणि सगळ्यांपुढे तेच लिहिलेलं. इथे हे आदिजीव नाहीतच, असं आता संघरत्नांना आपल्या अहवालात लिहावं लागणार होतं. म्हणजे गिरजाच्या दुखण्याला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून औषधही नाही.

चौथ्या खेपेला बाईजा बाकावर बसून राहिली. जयाताई पट्टी धूत गुणगुणत होत्या,

"सांगते सई तुला, पाणी सोड गं बेतानं,
रोप कोवळं माझं, जाईल वाहून ओघानं."

बाईजाने थोडा वेळ ऐकलं. "ओवी लावनीची म्हनतेस नि हात धोपटन्याचा चालवतेस. असं धुतलंस तं रोप राहील का गो?"

जयाताईंचा हात थांबला. त्यांनी कोपऱ्यातल्या पातळ बाटलीकडे पाहिलं. मग त्याच डबीतून दुसरी पट्टी केली, पातळ ॲसिड घेतलं आणि एकाच ओवीत हात आवरला.

आरशात ऊन आलं. निळ्या रानात लांबट, लाल दाणा उभा होता, पोटात गोल ठिपका घेऊन.

"बघू दे मला त्या मेल्याला," म्हणत बाईजा माझ्यावर वाकली. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "हा तं भाताचा दाना. एवढासा, नि माझी सून खाल्लीन?"

जयाताईंनी समोरच्या दुकानातून मुंबईला फोन लावला. "मॅडम, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. संघरत्ना दुसऱ्याच दिवशी आल्या. जपून ठेवलेले सगळे नमुने दोघींनी मिळून पुन्हा रंगवले. बेचाळीसपैकी अकरांत आदिजीव निघाले. गिरजाच्या पोटातला लांबट दाणा साध्या पांढऱ्या गोळ्यांनी हटणारा होता. त्या अकरांतल्याच आटगावच्या ज्ञानेश्वरचा मात्र बारीक, गोल होता. त्याच्यावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. माघात तो गेला. "आधी कळलं असतं तरी आपल्या हातात काही नव्हतं," संघरत्ना समजावत. जयाताई ऐकून घेत आणि पुसलेली काच पुन्हा पुसत.

तो बारीक जीव फडक्यातून सहज निसटतो, विहिरीत टाकलेल्या पावडरीलाही दाद देत नाही. पाण्याला खळखळून उकळी आली तरच मरतो. त्या वर्षी दोघींनी गावोगाव एवढंच सांगितलं.

पुढच्या दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती. दारातून बाईजा आली, आणि तिच्या पुढे आपल्या पायांनी चालत गिरजा. आमच्याकडे दसऱ्याला दाराला नवं बांधतात, म्हणजे नव्या भाताची लोंबी. गिरजाने ती माझ्या मानेला बांधली.

"दाराला बांधतात गो ते," जयाताई म्हणाल्या.

"ह्योच माझा दार," गिरजा म्हणाली.

पुढे सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली, आणि गिरजा ती घेण्याइतकी जगली होती. मग दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला. जयाताई निवृत्त झाल्या. माझ्या भिंगावर बुरशीची जाळी धरली. लोंबीचे दाणे कधीच उंदरांनी नेले.

मित्रांनो, घरात कुणी अशक्त असेल तर त्याचं पाणी उकळून द्या. आणि पेटी उघडलीत तर माझं भिंग मऊ फडक्याने, हलक्या हाताने पुसा. काही दिसलं नाही, असं लिहिण्याआधी आपला हात कसा चालला होता ते एकदा आठवा. काडी मात्र राहू द्या. नुसत्या डोळ्यांना ती रिकामीच दिसेल.