कणगीच्या तळाचं भात

मित्रांनो, मी भात साठवायची एक जुनी कणगी आहे. कामशेतजवळच्या एका घराच्या कोपऱ्यात उभी आहे, आणि खरं सांगते, सध्या मी भिऊन आहे.

या घरचे धनी अंबाजी. त्यांच्या वडिलांनी मला बांबूच्या कामट्यांनी विणून घेतलं, शेणमातीने सारवलं. तेव्हा या घराची भाताची सहा खाचरं होती. मी गळ्यापर्यंत भरायचे. पुढे अंबाजी गेले, वाटण्या झाल्या. त्यांच्या धाकट्या मुलाच्या, आदिनाथच्या वाट्याला दोन खाचरं आली, मिळून अकरा गुंठे. तेव्हापासून मी कमरेपर्यंतही भरत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. भात झोडताना पहिल्या फटक्याला जे टपोरं भात गळतं, ते आधी माझ्या तळाशी टाकतात. ते बियाणं. घरात कितीही टंचाई असो, त्या वीतभर भाताला कुणी हात लावत नाही. आदिनाथच्या थोरल्या भावाने एका वर्षी आपल्या कणगीतलं तेही गिरणीत नेलं. त्या पावसाळ्यात त्याचं शेत पडीक राहिलं, बांध फुटला, आणि पडीक जमीन बघून प्लॉटवाले आले. आता तिथे बंगला आहे. त्याची कणगी चुलीत गेली. तो धूर माझ्यापर्यंत आला होता.

या चैत्रात आदिनाथ पोतं घेऊन आला आणि माझ्यात वाकून तळ उपसू लागला. तो लोणावळ्याला हॉटेलात काम करतो. प्लॉटवाला त्याला दोनदा भेटून गेला होता. त्याची नखं कामट्यांना घासली तशी मी थरथरले.

त्याची आई झुंबरबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "आदिनाथा, त्ये बियाणं हाय."

"आई, अकरा गुंठ्यांत काय पिकतंय? चार म्हैन्याचं खाणं."

त्याची बायको अनिता तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आन् तुमचा हाटेलवाला वर्साचं किती म्हैने घरी बसवतो?"

तो पोत्याचं तोंड धरून म्हणाला, "चार."

"मंग बराबर बसतंय की."

झुंबरबाई पदराआड हसली. आदिनाथ हसला नाही. त्याने पोतं माझ्यात उलटं केलं आणि म्हणाला, "ह्या वर्साला ऱ्हाऊ द्या."

ह्या वर्षाला. पुढचं तो बोलला नाही. आता कुणी वाकलं, की मी आधी हात कुणाचा ते बघते.

मित्रांनो, जमीन लहान झाली तर दोन घास कमी खा, बाहेर कामाला जा. पण तळाचं भात राहू द्या. ते एकदा उपसलं, की मला पुन्हा भरायला कुणी येत नाही.