माझ्या पाठीवरची अक्षरं

मी एक जुनी चादर आहे. माझ्या एका बाजूला निळी अक्षरं आहेत. दुसऱ्या बाजूला जे आहे ते मिरवायचं नाही म्हणून माझी घडी नेहमी उलटी घालतात, ती बाजू आत ठेवून. मित्रांनो, आज ती घडी मी तुमच्यासमोर उलगडते आहे. लाज वाटते, पण उलगडते.

मी विणले गेले मागावर, पण मला समज आली ती इस्पितळात. तापाने फणफणलेली मुलं, नुकत्याच बाळंत झालेल्या बाया, सगळ्यांना मी पाठ टेकू दिली. एक दिवस माझी कड फाटली आणि कोपऱ्यातल्या शिक्क्याशेजारी लाल फुली पडली. फुली पडली की चादरीचं पोतेरं होतं. पण धुलाईच्या खोलीत काम करणाऱ्या एका बाईने साहेबांना विचारून मला घरी नेलं.

त्या बाईला एक दहा वर्षांची लेक होती. क्षणभर एका जागी न ठरणारी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शेजारच्याच खोलीत भिंगरीचा मामा राहायचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ही तिघं गावातल्या बास्केटबॉल संघापायी वेडी होती. संघ तरी कसा? जुने नावाजलेले खेळाडू एकेक करून निघून गेलेले. मालकांनी सगळं पायापासून पुन्हा उभारायला घेतलं होतं आणि अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आणली होती. उंच, हडकुळी, स्वतःच्याच हातापायांचा अंदाज नसलेली. ती हरायची, पुन्हा हरायची, आणि दर रविवारी दुपारी ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या स्वस्त बाकांवर हजर असायची.

"ताई, आज कितीने हरणार म्हणता?" मागच्या बाकावरचा केशकर्तनवाला विचारायचा.

"हरू देत हो. वाढत्या वयातली पोरं आहेत, पडणारच," भिंगरीची आई म्हणायची.

तिच्या याच बोलण्यावरून मामाला सुचलं. त्याने मला जमिनीवर ताणून धरलं, दोरीने रेघ आखली आणि निळ्या रंगात लिहिलं: तुम्ही वाढा, आम्ही थांबतो. रंग त्याने पातळ घेतला होता, हात हलका ठेवला होता. "बारीक कापड आहे," तो भिंगरीला म्हणाला, "जाड रंग मारला तर आरपार जातो. लक्षात ठेव."

पुढे हे तो स्वतःच विसरला.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. त्या संघात अकरा नंबरचा एक पोरगा होता, सगळ्यात लहान. फ्री थ्रो मिळाला, म्हणजे एकट्याने उभं राहून बास्केटमध्ये चेंडू टाकायची वेळ आली, की तो चेंडू दोनदा आपटायचा आणि वर तिसऱ्या मजल्याकडे बघायचा. माझ्याकडे! मगच टाकायचा. भिंगरी आनंदाने इतकी उड्या मारायची की माझी फाटलेली कड आणखी फाटायची.

मग पोरं सलग चौदा सामने हरली. चौदावा तर एका गुणाने. शेवटचे दोन फ्री थ्रो अकरा नंबरचे होते, आणि दोन्ही चुकले.

आठवडाभर मामाला कामावर टोमणे बसले. शिडीवर चढला तरी खालून कुणी विचारायचं, "काय रंगारी, थांबताय ना अजून?" रविवारी सकाळी तो नाकपुड्या फुगवून आला. भिंगरीची आई कामावर होती. त्याने मला जमिनीवर पालथं घातलं आणि काळ्या तेलरंगाचा डबा उघडला.

"धर गं कोपरे."

भिंगरीने धरले. मामाने लिहिलं: अकरा नंबर, घरी जा.

"मामा, पुढे उद्गारचिन्ह पाहिजे," भिंगरी खिदळत म्हणाली. "मी काढू?"

तिने काढलं. चांगलं हातभर लांब.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते, असं सांगायला किती बरं वाटलं असतं! पण खरं सांगते. ओले शब्द पाठीवर घेऊन मी स्टेडियममध्ये गेले आणि त्यांनी उभारलं तशी ताठ उभी राहिले. आजूबाजूचे हसले. केशकर्तनवाल्याने टाळी दिली. मला वाटलं, आज सगळे माझ्याकडे बघताहेत. थोडी फुशारलेच मी.

तेवढ्यात अकरा नंबरला फ्री थ्रो मिळाला. त्याने चेंडू दोनदा आपटला. वर बघितलं.

तो वाचत होता, ते मला एवढ्या उंचीवरूनही कळलं. नंतर त्याने टाकलेला चेंडू रिंगला लागलासुद्धा नाही. अख्खं स्टेडियम हसलं.

आमच्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर प्रवासाची पिशवी, पदर नीट खोचलेला. ती मागे वळली. रागावली नव्हती, तेच तर वाईट होतं.

"बाळ," ती भिंगरीला म्हणाली, "इथे एक चादर असते ना? निळ्या अक्षरांची?"

भिंगरीने माझं टोक घट्ट धरलं.

"माझा मुलगा फोनवर सांगतो. मी त्याला रोज म्हणते, पुरे झालं, घरी ये. तर म्हणतो, आई, इथे माणसं माझ्यासाठी थांबलीत, तशी चादरच लावतात. म्हटलं, एकदा बघून यावी. सकाळच्या गाडीने आले." तिने माझ्याकडे बघितलं. "तीच का ही?"

मामाचे हात सुटले आणि मी बाकांवर कोसळले. निळी बाजू वर आली. पण जाड काळा रंग आरपार उतरला होता. ‘आम्ही थांबतो’वर उलट्या अक्षरांचे डाग पसरले होते.

"हो," भिंगरी कशीबशी म्हणाली, "हीच."

तेवढ्यात भिंगरीची आई कामावरून थेट तिथे पोचली. लेकीचा चेहरा बघितला, मला बघितलं, त्या बाईला बघितलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिने हात जोडले.

ती बाई बाजूला सरकली. "बसा," एवढंच म्हणाली.

दोघी आया सामना संपेपर्यंत शेजारी बसून होत्या.

त्या आठवड्यात मला किती वेळा धुतलं, मोजदाद नाही. इस्पितळातलं उकळतं पाणी झालं, सोडा झाला. मामाने टर्पेंटाइन लावून बोटं सोलून घेतली. "जन्मभर पाट्या लिहिल्या," तो म्हणाला, "एक पुसता येईना मला."

"आपण नवी चादर घेऊ," भिंगरी रडत म्हणाली.

"आणि हिचं काय करायचं?" आई म्हणाली. "हे आपणच लिहिलंय ना?"

त्यानंतर आम्ही प्रत्येक सामन्याला गेलो, पण मी भिंगरीच्या मांडीवर घडीतच असायची. उभी राहायची माझी हिंमत नव्हती, तिचीही नव्हती. अकरा नंबरने तर वर बघणंच सोडलं होतं. तो पुन्हा वर बघेल का, एवढीच एक गोष्ट त्या घरात कुणी बोलत नव्हतं, आणि तिघांच्याही मनात तीच होती.

मोसमाचा शेवटचा सामना. पुन्हा एका गुणाची पिछाडी, पुन्हा अकरा नंबर, दोन फ्री थ्रो. पहिला चुकला. त्याने दुसरा चेंडू घेतला. दोनदा आपटला. थांबला.

आणि मान वर केली.

तो शोधत होता. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या जागेवर. तिथे काहीच नव्हतं! लाजेपायी आम्ही लपून बसलो होतो, आणि त्याला वाटत होतं, थांबणारे निघून गेले.

"मामा, ऊठ!" भिंगरी किंचाळली. तिने माझी घडी उसकटली. एक टोक मामाकडे, एक तिच्याकडे. निळी अक्षरं, त्यांवर काळे डाग, सगळं जसं होतं तसं.

त्याने बघितलं. चेंडू टाकला. चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

सामना गेला. लोक उठले, कुणी शिट्या मारल्या, कुणी शिव्या घातल्या. पण भिंगरीचे हात खाली आले नाहीत. शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत तिने मला तसंच उंच धरलं. शेवटी जाणारा अकरा नंबरच होता. दारापाशी तो वळला आणि बराच वेळ वर बघत उभा राहिला. हसला नाही.

पुढच्या मोसमात त्याला दुसऱ्या गावच्या संघाने घेतलं. माफी मागायची राहून गेली. आता आमचा संघ जिंकतो, पोरं वाढली आहेत. छापील झळकते फलक कितीतरी येतात. तरी भिंगरी मलाच नेते. कुणी डाग कसले म्हणून विचारलं, की लपवत नाही, सांगते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. जीर्ण कापड मी, आज ना उद्या विरणारच. पण हातात रंग असेल आणि मनात राग, तेव्हा माझी आठवण ठेवा. वाचणाऱ्याची आई पुढच्याच बाकावर बसलेली असते. आणि कुणासाठी थांबू म्हणालात, तर त्याचा चेंडू बाहेर पडल्यावरही हात खाली घेऊ नका.