चोखलेलं टोक

ठमीच्या नाकातून पुन्हा रक्त आलं. दुपट्यावर मसुराएवढा ठिपका. पण जेमतेम कुशीवर वळणाऱ्या बाळाचं रक्त आईला बादलीभर दिसतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हीटरने घरातली हवा सुकते, मग नाक आतून तडकतं. खोलीत ओलावा ठेवा. बेताने हं, भिंतीला बुरशी धरेल इतका नको."

नवरा छापखान्यात आहे. तिथून त्याने ओलावा दाखवणारं जुनं यंत्र आणलं. घड्याळासारखी तबकडी, एकच काटा, मधोमध हिरवा पट्टा. "हवा कोरडी पडली की कागद वळतात, मशीन अडतं. आमचे साहेब कागद लेकरासारखे जपतात."

"मग आपण लेकरू कागदासारखं जपू," सासूबाई म्हणाल्या. "लाव भिंतीवर."

काटा पट्ट्याच्या पार खाली मरगळून पडला होता. हीटर कमी केला, पाण्याचं पातेलं ठेवलं, खुर्चीच्या पाठीवर ओले टॉवेल टाकले. काटा ढिम्म. टॉवेल बघता बघता खडखडीत. नवऱ्याने वाफ सोडणारं यंत्रही आणलं. ठमीची एक डुलकी होईतो त्याची टाकी रिकामी.

"घरात उंट पाळलाय का गं?" सासूबाई म्हणाल्या.

मी हसत हसत टॉवेल गोळा करायला गेले आणि हात थबकला. सगळा टॉवेल कडक, पण एक टोक ओलं. कोमट, चिमटून निमुळतं झालेलं. ठमी लाळेरं चोखते तेव्हा त्याचं टोक हुबेहूब असं होतं. पण ठमी तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाळण्यात. तिला अजून बसता येत नाही.

"आई, हे तुम्ही पिळलंत?"

"मी कशाला? वाळत घातलेलं कुणी पिळतं का?" त्यांनी टोक हातात घेतलं, हुंगलं, आणि त्यांची थट्टा तिथेच संपली. "कसलाच वास नाही गं याला."

तेवढ्यात मला पान्हा फुटला. झरकन, गाऊन भिजेपर्यंत. एरवी ठमी रडली की होतं तसं. मी धावले तर ती गाढ झोपलेली. घर अगदी चिडीचूप. जे कानाला येत नव्हतं, ते माझ्या अंगाला ऐकू येत होतं. आणि ते खुर्चीकडून येत होतं.

भीती नंतर वाटली. आधी राग आला, की माझ्या लेकीच्या वाट्याचं हे कोण पितंय? ठमीचा ओठही आता चिरला होता. जिवणी हलली की त्यातून लाल दिसायचं. मग वाटलं, एवढंसं टोक धरून चोखणाऱ्यावर काय रागवायचं? तहानच ती.

मी वाटीत अंगावरचं दूध काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. सासूबाई दारातच उभ्या.

"लाडावेल हं," त्या म्हणाल्या.

"लाडावू दे. ठमीचं नाक तरी बरं होईल."

आम्ही स्वयंपाकघरात चहा घेतला. परत आलो तर वाटी पुसल्यासारखी कोरडी, आणि काटा हिरव्या पट्ट्यात. टॉवेल संध्याकाळपर्यंत ओले राहिले. दुसऱ्या दिवशी ठमीच्या दुपट्यावर डाग नव्हता.

मग वाटी रोजचीच झाली. ठमीचा ओठ भरून आला, गालांवर तुकतुकी आली.

"बघ, म्हटलं नव्हतं, यंत्र झकास आहे?" नवरा म्हणाला.

"हो बाबा, तुझंच यंत्र," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आज दुपारी वाटी भरायची राहून गेली. ठमी भुकेने कळवळत उठली, म्हणून आधी तिलाच घेतलं. एका बाजूला प्यायली. दुसरीकडे वळवलं तर तिने तोंड मिटून घेतलं. भूक होती तिला, मूठ चोखत होती. पण माझ्या कोपराकडे बघत ती थांबून राहिली, रांगेत कुणीतरी पुढे असल्यासारखी.

मी हलले नाही. दूध आपसूक गळू लागलं, थेंबामागून थेंब.

खाली काहीच सांडलं नाही.