चिंधी बांधलेलं फळ

मी एक जुनी पपई आहे. फळ नव्हे, अख्खं झाड. हसू नका, मित्रांनो. तुमच्यातलं तीन वर्षांचं पोर नाक पुसायला आईला हाक मारतं, पण आम्हा पपयांत तीन वर्षं म्हणजे म्हातारपण. त्यात मी उभी कोरड्या विहिरीच्या काठावर. शेंड्याला उरलीत ती पानंही पिवळी. कधी आडवी होईन सांगता येत नाही, म्हणून आजच सगळं बोलून टाकते.

नरडाण्याच्या अलीकडे हिलालभाऊंचं शेत आहे. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई सन पंच्याऐंशीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या होत्या. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी त्यांची आई धुरपदाबाई खाटेला खिळलेली होती. तिनं परसातल्या पपईचं फळ कापून लेकीला भरवलं, बिया राखेत चोळून वाळवल्या आणि लेकीच्या पदराला बांधून दिल्या. पावसाळ्यात माय गेली. मागोमाग वादळात परसातलं झाडही गेलं. त्या बियांतून उगवलेली एकटी मी जगले. बाकी बागेत दुकानातल्या पाकिटातली रोपं होती. मला पाणी घालताना वच्छलाबाई घरातलं सगळं सांगायच्या, अगदी भाजीत मीठ जास्त झालं तेसुद्धा.

आता माझ्या पोटातली गोष्ट ऐका. माझ्या हिरव्या फळांच्या सालीत चीक असतो. त्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात. विळ्याच्या पात्याला चिंधी गुंडाळून तो आढ्याला खोचतात ना, तशी मी ती जपून ठेवते. चिंधी आहे तोवर ती कुणाला कापत नाहीत, मलाही नाही. अळीनं साल कुरतडली की चीक बाहेर येतो, चिंधी सुटते आणि पाती चालू लागतात. अळीचं पोट कापलं जातं. मला काही पळता येत नाही बाबांनो, मग दुसरं करणार काय?

माणसांना नेमका तोच चीक हवा होता. औषधाला लागतो, मटण मऊ करायला लागतो, असं ठेकेदार सांगायचा. भल्या पहाटे बाया यायच्या, बांबूच्या काडीला बसवलेल्या ब्लेडनं फळांवर रेघा ओढायच्या. खाली बांधलेल्या प्लास्टिकवर चीक ठिबकायचा. माझा चीक साऱ्या बागेत जास्त. ठेकेदार माझ्या खोडावर थाप मारून कौतुक करायचा आणि मी फुशारून जायची. चीक खरवडून गोळा करायच्या वच्छलाबाई. पण बोटांची कातडीही प्रथिनांचीच असते. अळी कोणती आणि वच्छलाबाई कोणत्या, हे पात्यांना कुठून कळणार? आधी बोटं लाल झाली, मग सोलली, मग गुळगुळीत होऊन बधिर पडली. त्यांनी हातमोजे मागितले, तर ठेकेदार म्हणाला, पुढच्या खेपेला आणतो. त्या खोबरेल लावून पुन्हा कामाला लागायच्या.

त्यांचं एकच मागणं होतं. माझं एक फळ बियाण्याला राखायचं, त्याला ब्लेड लावायचं नाही. माय गेली, निदान तिची पपई तरी राहावी. हिलालभाऊ माणूस वाईट नव्हता, पण ठेकेदार प्रत्येक फळ हेरून जायचा. भाऊ दर हंगामाला तेच म्हणायचे, “औंदा ऱ्हाऊ दे. पुढला साल राखू.”

पुढलं साल आलं ते सत्त्याऐंशीचं. पाऊस फिरकलाच नाही. दिवाळीनंतर विहिरीनं तळ दाखवला. होतं तेवढं पाणी कुणाला द्यायचं, हा प्रश्न पडला, तेव्हा हिलालभाऊंनी बागेतली नर झाडं कापून टाकली. त्यांना नुसती लोंबती फुलं येतात. फळ नाही, चीक नाही. पण त्या फुलांतली पिवळी धूळ आमच्या फुलांपर्यंत आली, तरच आमच्या फळात बी धरतं; नाहीतर फळ नुसतंच पोकळ. हे भाऊंच्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या बागाही तोवर उपटल्या गेल्या होत्या.

त्यानंतर माझं शेवटचं फूल उमललं आणि त्याला फळ धरलं. चीक आटला म्हणून ठेकेदार यायचा बंद झाला, तेव्हा ब्लेड न लागलेलं तेवढं एकच फळ अंगावर होतं. वच्छलाबाईंनी आईच्या लुगड्याची चिंधी त्याच्या देठाला बांधली आणि नवऱ्याला बजावलं, “हाई मन्ही मायनं फय शे. येले कोनी बलेड लावू नका.” या वेळी भाऊंनी मान डोलावली. कुठून तरी लांबून धुळीचा एखादा कण आला असेल, अशी आशा मीही धरली.

पण फळ पोसायचं कशावर? माझ्या पानांच्या प्रत्येक पेशीत एक पिशवी असते. तिच्यातही तसलीच पाती गुंडाळून ठेवलेली असतात, वाईट दिवसांसाठी. ती मी माझ्याच पानांवर सोडली. आधी खालची पानं, मग वरची. पानांतली प्रथिनं तोडली, त्यांचे बारीक तुकडे केले आणि ते फळाकडे पाठवले. पानं पिवळी पडून गळू लागली. लोकांना वाटलं, ऊन लागलं. खरं म्हणजे मीच मला खात होते. फार त्रास झाला मला, खोटं कशाला बोलू? वच्छलाबाई भांडी धुतलेलं पाणी आणून ओतायच्या. त्यावर दिवस काढले.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी फळ पिकलं. वच्छलाबाई वाटीत राख घेऊनच आल्या होत्या, बिया चोळायला. माझ्या बुंध्याशी बसून त्यांनी फळ चिरलं. अंधारून आलं होतं. त्यांनी आत बोटं घातली, इकडून तिकडे फिरवली. मग फळ नवऱ्यापुढे धरलं.

“मन्हा बोटेस्ले काही समजत नही. तुम्ही देखा.”

हिलालभाऊंनी फाक उजेडाकडे वळवली.

“मझार काहीच नही शे,” ते हळूच म्हणाले. आत एकही बी नव्हतं.

वच्छलाबाईंनी पुन्हा एकदा बोटं घालून पाहिली. मला इतकं वाईट वाटलं, की उरलेली पानंही तेव्हाच गळून गेली असती तर बरं झालं असतं.

आखाजीला घरातल्या पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. बायकोच्या आईची घागर कुणी भरत नाही. हिलालभाऊंनी भरली. माझ्या बुंध्याशी आणून ठेवली आणि तिच्या तोंडावर माझ्या फळाची अर्धी फाक ठेवली. दुसऱ्या दिवशी ते पाणी त्यांनी माझ्या मुळांशी ओतलं. पण ते वर ओढून घ्यायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

मित्रांनो, बाग लावाल तेव्हा फळ न देणारं एखादं झाड राहू द्या. चीक काढणाऱ्या बाईला हातमोजे द्या, याच खेपेला द्या. आणि घरातलं कुणी एखादंच फळ मागत असेल, तर पुढल्या सालावर ढकलू नका. वच्छलाबाई आता विहिरीकडे येत नाहीत. त्यांची राखेची वाटी इथंच राहिली आहे, भरलेली.