विचारणारा

निर्मलाने दोराची शेवटची ओढ घेतली, बादली विहिरीच्या काठावर टेकवली आणि तिचा हात दोरावरच राहिला. बादलीतलं पाणी लाल होतं. कुंकू कालवल्यासारखं, वर थोडी जांभळट झाक.

"माय वं!" शेजारची जमनाबाई मागे सरली. तिचा हंडा गडगडत उतारावर गेला. "रगत शे हाई!"

बायकांचा गलका उठला तसा पाराकडून लोटन आला. निर्मलाचा नवरा. पाच-सहा माणसं त्याच्या मागे होती, सगळी पंचायतीच्या निवडणुकीत दोधूकडून हरलेल्या त्याच्या पार्टीची. त्याने बादलीत डोकावून पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटलेली निर्मलाला दिसली. मग त्याने बादली उचलली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर ओतली.

"कोनी पेवू नका. दोधूनी पंचायतनं काम शे हाई. सरकारले खूश कराले हिरमा काय टाकं, त्यालेच ठाऊक. नदी शे ना आपली? नदीनं पानी चोखं शे."

निर्मलाच्या कडेवर मगन होता, नुकताच पाऊल टाकायला लागलेला. त्याने सांडलेल्या पाण्याकडे हात केला, तो तिने आपल्या मुठीत घेतला. तिचे कान तापले होते. पटकीची साथ तापीकाठाने वर सरकते आहे हे आठवड्यापासून गावाला माहीत होतं. आणि निवडणुकीच्या आधी, मगनला मांडीवर थोपटत असताना, याच माणसाने तिला आपलं भाषण म्हणून दाखवलं होतं. त्यात पहिलंच वचन होतं: आपण निवडून आलो तर शहाद्याच्या दवाखान्यातून लाल दवा आणू आणि गावातल्या एकूण एक विहिरीत टाकू. 'एकूण एक' हे शब्द कुठे दाबून बोलायचे, हेही त्याने तिलाच विचारलं होतं.

दुपारी तो जेवायला बसला तेव्हा तिने ताटात भाकरी वाढली आणि तिथेच बसून राहिली.

"मगनना बाप, एक ईचारू?"

"ईचार ना."

"ती दवाच शे ना?"

तो घास चावत राहिला.

"तुम्हीच सांगेल व्हतं, दवा आनसूत."

"आम्ही आनती ते आम्हनी व्हती. आते त्यान्ही शे."

"पानीले काय समजस, कोन्ही शे ती?"

लोटन हसला नाही, चिडलाही नाही. "तुले राजकारन नही समजाव, निर्मला. आज मी चांगली शे म्हनसू, ते उद्या मन्हामांगे कोन ऱ्हाई? लोके म्हनतीन, हारना आनि दोधूना मांगे गया." त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नदीचं पाणी होतं.

दोधूचं घर भिंतीला भिंत लागून. चुलत्याचाच मुलगा. पाराशी हात वर करून मतं मोजली त्या दिवसापर्यंत सकाळी ज्या चुलीत विस्तव टिकलेला असेल तिथून दुसरं घर निखारा आणायचं. हरल्यापासून लोटनने तेही बंद केलं होतं. निर्मला रोज ओल्या काड्यांशी झगडत फुंकर मारी, आणि भिंतीपलीकडे दोधूची बायको खोकली तरी ऐकू येई. हारजीत माणसांची झाली. धूर मात्र बायकांच्या डोळ्यांत, असं तिला वाटे. पण ते बोलण्याइतकी ती या घरात जुनी नव्हती.

तिने एवढंच केलं. पहाटे, पाणवठा रिकामा असताना, ती लाल विहिरीवरून एक कळशी भरून आणू लागली. रंग आता फिका पडला होता. ती कळशी धान्याच्या कोठीमागे ठेवी, वर फडकं झाकी आणि मगनला तेच पाणी चमच्याने पाजी. आपणही तेच पिई. त्याचं पोट ती दर थोड्या वेळाने चाचपून पाही. गार, मऊ, नीट. त्याच्या टाळूवर ओठ टेकवताना तिला चोरी केल्यासारखं वाटे आणि सुटल्यासारखंही.

अंगण झाडायला, शेण काढायला भिलाटीतून, गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतून, फुलवंता यायची. लोटन ओट्यावर चार माणसांना विहिरीत विष टाकलंय म्हणून सांगे, तेव्हाही ती तिथेच झाडत असे. तिलाही त्या कळशीचं निर्मलाने सांगितलं नाही. बाहेर गेलं तर, एवढाच विचार तिने केला होता.

मग फुलवंता येईनाशी झाली. गावात दोन घरांत पटकी शिरली होती, दोन्ही नदीवर जाणारी. जमनाबाई गुपचूप विहिरीकडे परतली. लोटन पारावर कमी आणि ओट्यावर जास्त बसू लागला.

एका सकाळी फुलवंता आली. अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिचे हात बोडके होते, कपाळ पुसलेलं. कडेवर तिची लहान पोर, मान टाकून झोपलेली.

"सुरुपसिंग गया, बाई," ती म्हणाली. जसं बैल सुटला म्हणून सांगावं.

निर्मलाच्या हातातलं सूप खाली आलं. दाणे सांडले, तिने ते पाहिलेही नाहीत.

लोटन ओट्यावरून उठला. "कसा गया?"

"नदीनं पानी व्हतं. तुम्ही सांगेल व्हतं ना भाऊ, हिरमा ईख टाकेल शे. मी आठेच झाडत व्हती, मी आयकं. घर जाईसन बठ्ठासले सांगं. आम्ही हिर सोडी दिन्ही." तिच्या आवाजात दोष नव्हता. तो असता तर लोटनला बरं वाटलं असतं.

"पन तुम्हनी हिरमा दवा..." लोटन अडखळला. "तुम्हनी हिरनं पानी लाल व्हयनं व्हतं ना?"

"नही भाऊ. तठे कोनी उनंच नही."

लोटन वळला आणि डोक्याला टोपीही न घालता अंगणाबाहेर पडला. निर्मला मगनला घेऊन मागे धावली. तो दोधूच्या दारात जाऊन थांबला होता. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच.

दोधू आत माळ्यावरून काही काढत होता. वळून बघताना त्याचा चेहरा सावध झाला.

"भिलाटीनी हिरमा दवा काब नही टाकी?" लोटनचा आवाज चिरला. "वरली आळीमा टाकी, तुन्हा वाडामा टाकी. तठे काब नही?"

दोधू सावकाश खाली उतरला. हातांची धूळ धोतराला पुसली.

"पुड्या सरन्यात," तो म्हणाला.

"आखो आनाना व्हत्यात!"

"आनाना व्हत्यात." दोधूने मान हलवली. "मन्हा मानसे म्हने, ऱ्हाऊ द्या, भिलाटीना कोन ईचारस. मी बी गप ऱ्हायनू. मन्हं मन म्हने, लोटन सोडाव नही. तो उद्या पारवर बोंब मारी, भिलाटीले काब नही म्हनी. मंग मले बी जोर ई, मी शहादाले जासू, आखो मांगसू." तो थांबला. "तू बोंब मारी. पन ज्या हिरमा टाकी, तिन्ही मारी."

लोटनने चौकटीला हात टेकला.

"मन्हासमोर बठ्ठा मान हालावतस रे," दोधू म्हणाला. "ईचारनारा तू एकलाच व्हता."

दाराबाहेर निर्मला मगनला छातीशी इतकं घट्ट धरून उभी होती की तो कुरकुरला. तिने मिठी सैल केली. भिंतीपलीकडच्या कोठीमागचं ती झाकलेली कळशी तिच्या डोळ्यांसमोर होती.

तिच्या मागे पावलं वाजली. फुलवंता अंगण ओलांडून आली होती. तिने दाराबाहेरूनच आत पाहिलं, आधी दोधूकडे, मग लोटनकडे. कडेवरची पोर जागी झाली होती आणि ओठ चाटत होती.

"हिले तहान लागनी," ती म्हणाली. "कोठलं पानी पाजू, भाऊ?"

दोन्ही पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. आधी दुसऱ्याने सांगावं म्हणून.