देवाची उजवी, घाटाची डावी

या, जरा पुढं सरकून बसा. मागच्या मावशींनी बी या, सतरंजीवर लई जागा आहे. आज मुंजाबाच्या गाडीची गोष्ट सांगतो. गोष्ट घाटातली, दरीच्या कडेची, म्हणून आधी देवाचं नाव घ्या. सांगणाराही घेतो, कारण भीती त्यालाही वाटते.

सालं दुष्काळाची. खुलताबादकडच्या डोंगरावर मुंजाबाची वस्ती. चारा संपला, मेंढरं गेली. खाली शहर मात्र फुगत चाललेलं, जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग अन् पिलर. वस्तीतल्या बायका त्या बांधकामांवर घमेली उचलायला जात, आणि त्यांना घाटानं खाली न्यायची मुंजाबाची पिकअप. गाडी कसली, म्हातारीच ती! लांब नाकाची, गोल डोळ्यांची, त्याच्या बापाच्या तरुणपणातली. स्टेअरिंग इतकं ढिलं की अर्धं चाक फिरवल्यावर तिच्या ध्यानात यायचं, मालक वळायला सांगतोय.

एकदा घाटात तिनं असा झोका खाल्ला की मागच्या फळीला धरून बसलेली एक बाई कमरेपर्यंत बाहेर लोंबली. बाकीच्यांनी लुगड्याला धरून आत ओढली. त्या दिवसापासून मुंजाबाची झोप उडाली. डोळा मिटला की ती फळी दिसायची, आणि फळीखाली दरी. शेवटी त्यानं शहरात उस्मानपुऱ्यात सखाराम मिस्तरीचं गॅरेज गाठलं.

"जय भीम, मिस्तरी. हिला नवं स्टेअरिंग बसवायचं. खालचे स्प्रिंगचे पाटे बी बदलायचे."

"जय भीम, जय भीम. अरे मुंजाबा, हिला काठी घेऊन दे. स्टेअरिंग कशाला?"

"चेष्टा नका करू. माघं आयाबाया बसतात."

सखारामचं हसू मावळलं. त्यानं भंगारातून नव्या जमान्याच्या पिकअपचं पॉवर स्टेअरिंग शोधलं. पुढच्या चाकांचा धुरा बदलला, पाटे बदलले, शॉकअप चढवले. गाडी गल्लीत उभी केली आणि म्हणाला, "इथं पुरी वळत नाय. मोकळ्या जागी ने, माणसं बसव, अन् पार शेवटपर्यंत फिरवून बघ. कुठं अडली तर मला सांग. तवर घाटात भरून उतरायचं नाय."

रिकामी गाडी घाट चढून आली ती लोण्यासारखी. घाटातलं ते सर्वांत अवघड वळण, तेही तिनं अलगद घेतलं. चढताना ते उजवं होतं.

वस्तीवर मुंजाबाची थोरली बहीण दगडाबाई वाटच पाहत होती. सगळे तिला अक्का म्हणत. भजनात टाळ तिच्या हातात, आणि गाडीतही तिची जागा ठरलेली, केबिनच्या मागं उभी. टपावर एक थाप म्हणजे रस्ता मोकळा, चल. दोन थापा म्हणजे थांब.

"फिरवून बघायचीय ना?" अक्का म्हणाली. "मग मोकळ्या रानात कशाला? मारुतीला फेऱ्या घाल. आम्ही बसतो माघं. चाचणी बी व्हईल, दर्शन बी."

मारुतीचा पार लहान, जागा आवळ. चाक पार शेवटपर्यंत वळवावं लागलं. पाच फेऱ्या झाल्या, कुठं घासलं नाही, अडलं नाही. मुंजाबानं फोन लावला.

"भरून फिरवली, मिस्तरी. पार शेवटपर्यंत. मारुतीला पाच फेऱ्या घातल्या."

"मग पावला की तुला!" सखाराम हसला.

दोघांच्याही ध्यानात आलं नाही. देवाला फेरी घालायची तर देव उजव्या हाताला. पाचही वेळा गाडी उजवीकडंच वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बसल्या. कुणाच्या डब्यात भाकरी, कुणाच्या ओठांवर भजन. घाट सुरू झाला. मग ते वळण आलं, उतरताना डावं. डावीकडं कडा, समोर दरी, अन् दरीच्या कडेला तुटलेल्या कठड्यासाठी टाकलेला मुरमाचा ढीग.

मुंजाबानं चाक डावीकडं फिरवलं. अर्ध्यात ते थांबलं. खालून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला. त्यानं जोर लावला. चाक हलेना. ब्रेक दाबला, तर गाडी खडीवर घसरत दरीकडं सरकू लागली. मागं भजन तुटलं आणि किंकाळी उठली.

त्यानं चाक उजवीकडं सोडून पाहिलं. ते सहज फिरलं. उजवीकडं मुरूम होता, पण मधे समोरून येणाऱ्यांचा रस्ता, आणि वळणापलीकडचं त्याला दिसत नव्हतं. तिकडून एसटी आली तर?

"अक्का! पलीकडं काय हाय?"

"खाली पडा गं, आडव्या व्हा!" अक्का बायकांवर ओरडली. स्वतः मात्र उभीच राहिली, टाचा उंचावून पाहत. आडवी झाली असती तर रस्ता कुणी पाहिला असता?

टपावर एकच थाप पडली.

मुंजाबानं डोळे मिटले नाहीत, पण त्याला काही दिसलंही नाही. त्यानं दरीच्या बाजूला चाक फिरवलं. गाडीचं लांब नाक मुरमात घुसलं. धूळ, मग शांतता, मग रडणं. बायका एकमेकींच्या अंगावर, खरचटलेल्या, पण सगळ्या गाडीतच. अक्का केबिनवरून उडून ढिगाच्या माथ्यावर पडली होती. आणखी हातभर पुढं असती तर खाली दरीच होती. उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

"मुंजा," ती कण्हत म्हणाली, "नवं स्टेअरिंग निम्मंच आणलंस व्हय रे?"

सखाराम धावत आला, गाडीखाली शिरला. स्टेअरिंगची दांडी नव्या पाट्याच्या लांब बोल्टाला अडली होती. वजनानं पाटे दबले की अडायची, तेही डावीकडं वळतानाच.

"डावीकडं फिरवलीच नव्हती?"

"देवाला डावी कोण घालतं, मिस्तरी?"

सखाराम पाना हातात घेऊन खालून बाहेर आला. म्हणाला, "अन् मी फोनवर हसलो."

बोल्ट कापला. मुरमाची पोती भरून गाडी पुन्हा मारुतीपाशी आली. यावेळी मुंजाबानं चाक डावीकडं वळवलं. प्रत्येक फेरीला तो आवाज येईल म्हणून तो कान टवकारून होता. वस्तीतले म्हातारे कारभारी पारावरून पुटपुटले, "उलटी फेरी? पाप लागंल."

झोळीत हात घेतलेली अक्का मारुतीकडं वळली. "देवा, उलटं नाय करत तो. अर्धं ऱ्हायलेलं पुरं करतोय."

आता वस्तीवर कीर्तन रंगलं की अक्का पहिल्या रांगेत बसते, पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. टाळ दुसरीच्या हातात असतो. तुम्ही गजरात दोन्ही हात वर कराल ना, तेव्हा एवढं करा मायबाप, दगडाबाईला आठवा, आणि तिच्या वाट्याची एक टाळी तुम्ही वाजवा.